कंदिलाची काच

दिवाळीत मराठी घरात आता दोन कंदील असतात. एक बाहेर, कागदाचा किंवा कापडाचा. त्याला आपण आकाशकंदील म्हणतो. दुसरा दिवाणखान्यात, पत्र्याचा किंवा पितळेचा. त्याला विकणारा ‘व्हिंटेज’ म्हणतो. पहिला दरवर्षी बदलतो आणि त्यात दिवा असतो. दुसरा वर्षानुवर्षे तसाच टांगलेला राहतो आणि त्यात बहुधा दिवा नसतो. प्रस्तुत लेख या दुसऱ्या कंदिलाविषयी आहे. घर सजवण्यासाठी जुना कंदील निवडताना आपण नेमके काय निवडतो आणि काय टाकून देतो, हा माझा प्रश्न आहे. वरवर पाहता तो हौसेचा प्रश्न आहे. पण सातारा जिल्ह्यातल्या माणसाला तो तेवढ्यावर सोडता येत नाही. एके काळी महाराष्ट्रभर घरोघरी लागणारा ‘प्रभाकर’ कंदील याच मुलखात, कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होत होता.

माझे गाव खंडाळा. लोणावळ्याजवळचे नव्हे, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या मधले. पुणे–बंगळूर महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. सजावटीतली नवी टूम शहरातून निघाली की आधी महामार्गावरच्या हॉटेलांत उतरते आणि तिथून गावातल्या नव्या बंगल्यांत शिरते. गेल्या काही वर्षांत शिरवळपासून घाटापर्यंत, घाटापलीकडे वाईत आणि पुण्याच्या जुन्या बाजारात जिथे जिथे कंदील टांगलेला किंवा विकायला ठेवलेला दिसला, तिथे तो मी मुद्दाम थांबून पाहिला. मालकाने परवानगी दिली तर हातात घेऊन उलटा करून पाहिला. त्यांत खरे जुने हरिकेन कंदील होते, मुरादाबादी पितळेच्या नव्या नकला होत्या, रेल्वेचे हातदिवे होते, जहाजावरचे म्हणून विकले जाणारे जाडजूड तांब्याचे दिवे होते आणि पंप हरवलेल्या गॅसबत्त्याही होत्या. घडण वेगळी, किंमत वेगळी, वय वेगळे. पण त्यांतल्या बहुतेकांची एक गोष्ट सारखी होती. कोणाची काच गेलेली, कोणाची भलत्याच मापाची बसवलेली, कोणाच्या काचेच्या जागी जाळी, तर कोणाच्या आत पिवळा बल्ब. पत्र्याचा गंज मात्र जपलेला, काही ठिकाणी रंग लावून मुद्दाम आणलेला.

माझे म्हणणे थोडक्यात असे : कंदील म्हणजे काच. बाकी सारे त्या काचेला धरून ठेवण्यासाठी असते. सजावटीच्या रुचीने नेमकी काच सोडली आणि सांगाडा ठेवला. ही निवड सौंदर्यदृष्टीने कच्ची आहेच. पण तिच्यामुळे या वस्तूमागची माणसे आणि त्यांचे श्रमही नजरेआड होतात.

आधी कंदिलाची रचना पाहू. उघड्या वातीची ज्योत लालसर जळते आणि काजळी धरते, कारण तिला पुरेशी हवा मिळत नाही. भोवती काच आली की तापलेली हवा वर चढते, खालून नवी हवा ओढली जाते, आणि ज्योत उजळ व स्थिर होते. म्हणजे काच हे नुसते वाऱ्यापासूनचे झाकण नव्हे. ती त्या यंत्राचा चालता भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जॉन अर्विन याने कंदिलाच्या दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या घालून ही हवा वरून खाली बर्नरपर्यंत नेण्याची युक्ती काढली. पहिल्या प्रकारात जळून गेलेली गरम हवाच थोड्या ताज्या हवेत मिसळून परत येई. पुढच्या प्रकारात फक्त ताजी, थंड हवा खाली येऊ लागली आणि उजेड वाढला. डाएट्झ या अमेरिकन कंपनीने हे कंदील जगभर नेले, जर्मनीच्या फॉयरहँडने त्यांत आणखी सफाई आणली. आपण ज्या दोन बाजूंच्या नळ्यांना ‘कंदिलाचे कान’ समजून त्यांची वळणे पाहत बसतो, त्या खरे तर त्याच्या श्वासनलिका आहेत. काच काढली की त्या नळ्यांना काही अर्थ उरत नाही. इतका खटाटोप करून चपट्या वातीचा कंदील किती उजेड देई? आकाराप्रमाणे साधारण चार ते चौदा मेणबत्त्यांएवढा. एवढ्याशा उजेडावर पिढ्या शिकल्या, म्हणून त्याची वाढही मोलाची होती.

अशी काच बनवणे सोपे नव्हते. वाळू, सोडा आणि चुना वितळवून, फुंकून, मग सावकाश थंड करावी लागते. थंड करण्यात घाई झाली तर काचेत ताण राहतो, आणि गरम काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की ती तडकते. पहिल्या महायुद्धापर्यंत आपल्याकडे काचसामान मुख्यतः ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आणि जपान येथून येई. दिवा आपला, तेल विलायती, काचही विलायती, हे स्वदेशीच्या काळात लोकांना टोचत होते. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला तो याच टोचणीतून. लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभलेल्या या फंडाने देशी उद्योगासाठी निवडला तो काचेचा धंदा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

ओगले बंधूंचा कारखाना १९१६ सालचा. महायुद्ध चालू होते आणि युरोपातला माल अडला होता. जागा औंध संस्थानाच्या हद्दीतली होती. त्या आधी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर, औंध संस्थानातच, किर्लोस्करवाडी वसवली होती. दोन्हींच्या पाठीशी होते औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि पुढे १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारे हे राजे उद्योगाला जागा देत होते, हे या मुलखाचे भाग्य. कारखान्याचे नाव ‘ओगले ग्लास वर्क्स’. नावातच काच आहे. कंदील हे त्याचे सर्वांत लोकप्रिय फळ. त्या कंदिलाला ओगले बंधूंनी वडिलांचे नाव दिले : प्रभाकर. प्रभाकर म्हणजे सूर्यही. वडिलांच्या नावाचा दिवा घरोघरी लागावा, ही इच्छा पितृऋणाची म्हणा, धंद्याची म्हणा. मराठी जाहिरातीच्या इतिहासात इतके नेमके नाव क्वचितच सापडेल. कारखाना पुढे बंद पडला. गावाला त्याचे नाव राहिले, आणि कराडला रेल्वेने येणारा माणूस आजही ओगलेवाडीतच उतरतो, कारण कराडचे स्थानक तिथेच आहे.

हा इतिहास समोर ठेवला की दिवाणखान्यातला बिनकाचेचा कंदील वेगळा दिसू लागतो. काच आपल्याला करता यावी म्हणून पैसा पैसा जमवला गेला, भट्ट्या पेटल्या, आणि शंभर वर्षांनी आपण त्या वस्तूतून काचच वगळून तिला ‘देशी लूक’ म्हणतो आहोत.

दुसरा आक्षेप ‘ग्रामीण’ या शब्दाबद्दल आहे. हॉटेलांच्या सजावटीत कंदील येतो तो बैलगाडीचे चाक, सूप, जाते आणि घोंगडी यांच्या रांगेत. गरीब, साध्या, अंधाऱ्या खेड्याची खूण म्हणून. ही खूण चुकीची आहे. खेड्यात कंदील ही विकत घेतलेली, जपलेली वस्तू होती. गरिबाचा उजेड कंदिलाचा नव्हता, चिमणीचा होता : पत्र्याची डबी किंवा औषधाची बाटली, झाकणाला भोक, त्यातून वर आलेली चिंधीची वात. तिला काच नसे. ती धूर ओके, वाऱ्याने विझे, आणि कलंडली तर घर पेटवी. अशा बाटलीच्या दिव्यांनी भाजलेली माणसे पाहून श्रीलंकेतले शल्यविशारद विजय गोडकुंबुरा यांनी बुटका, जड, फिरकीच्या झाकणाचा आणि कलंडला तरी न गडगडणारा दिवा तयार केला. त्या कामाचा जगभर गौरव झाला. म्हणजे चिमणी आणि कंदील यांच्यातले अंतर हे रुचीचे अंतर नव्हते. ते जिवाच्या धोक्याचे अंतर होते. कंदील लावू शकणारे घर आणि चिमणीवर भागवणारे घर एकाच आळीत असे. सजावटीसाठी आजवर चिमणी टांगलेली मी पाहिलेली नाही. टांगावी असेही म्हणत नाही. पण कंदिलाला दारिद्र्याचे प्रतीक करताना खऱ्या दारिद्र्याची वस्तू आपण सोयीस्करपणे विसरलो, एवढे तरी ध्यानात असावे.

सिनेमानेही या गैरसमजाला हातभार लावला. आमच्या घाटापलीकडे वाई आणि मेणवली ही चित्रीकरणाची ठरलेली ठिकाणे. वाडा, घाट, वडाचे झाड, आणि खांबाला एक कंदील, की खेडे उभे राहिले. मात्र त्याच मेणवलीत चित्रित झालेल्या ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटाचा कळस पाहावा. तिथे गावकरी पाण्यावर वीज तयार करतात आणि एका वृद्धेच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड पडतो. ज्यांनी कंदिलाखाली आयुष्य काढले त्यांना कंदिलाचे कौतुक नव्हते, उजेडाचे होते. सजावट करणाऱ्याने हा फरक मनात धरला तर तो कंदिलाकडे भाबड्या हळहळीने पाहणार नाही.

तिसरी गोष्ट श्रमाची. दिवेलागणीच्या आधी काच पुसणे हे घरातले रोजचे काम होते. चुलीतली बारीक राख आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ती आतून घासायची. हे काम बहुधा मुलांकडे, त्यातही मुलींकडे येई, कारण लहान हात काचेच्या तोंडातून आत जातो. वातीचे जळके टोक कात्रीने सरळ कापायचे. कोपरे वर राहिले तर ज्योतीला शिंगे फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. रॉकेल गाळून भरायचे. मग तो कंदील कुठे जाणार ते ठरे : गोठ्यात धारेला, मळ्यात पाणी धरायला, की अभ्यासाला. एका कंदिलाभोवती तीन-चार भावंडे बसत आणि काजळी धरलेली बाजू कोणाकडे यावी यावरून भांडत. साहित्याच्या वाचकाने आणखी एक गोष्ट आठवावी. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिची पहिली कित्येक वर्षे बहुतेक गावांत रॉकेलच्या दिव्यापाशी वाचली गेली. आपल्या रात्रीच्या वाचनामागे कोणाच्या तरी हातांनी पुसलेली काच आहे. गंजलेल्या पत्र्यावर प्रेम करणारी सजावट हा श्रम पुसून टाकते. गंज ही वापराची खूण नाही. ती वापर थांबल्याची खूण आहे. रोज वापरातला कंदील तेलकट असतो, त्याला गंज सहसा धरत नाही.

यावर कोणी म्हणेल, सजावट ही सजावटच. समईसुद्धा आता रोज कुठे लागते? आक्षेप रास्त आहे. वस्तू वापरातून गेली म्हणजे तिला घरात जागा नसावी असे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे पाहावेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून समया, लामणदिवे, हातदिवे जमवले. ते दिवेही आता लागत नाहीत. पण तिथे वापर संपला तरी ओळख टिकली आहे : हा दिवा कशाचा, कशासाठी, कोणत्या घडणीचा, हे तिथे विचारता येते. दिवाणखान्यातल्या कंदिलाचा वापरही गेला आणि ओळखही. माझी तक्रार या दुसऱ्या नुकसानीबद्दल आहे, आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

ते कसे टाळावे, हे निवडीच्या भाषेत सांगतो. कंदील घेताना आधी काच पाहावी. ती मूळची असेल तर खालच्या आणि वरच्या कडेवर नीट बसते, डुगडुगत नाही. जुन्या फुंकलेल्या काचेत बारीक बुडबुडे किंवा किंचित लाट दिसते. काच नसेल तर त्या मापाची मिळेपर्यंत कंदील टांगू नये. मग यंत्रणा हलवून पाहावी : वात वर-खाली करणारी किल्ली फिरते का, काच उचलणारी तार दाबली जाते का, टाकीचे झाकण उघडते का. ज्याचे हे तीन अवयव चालतात तो कंदील जिवंत आहे, मग रंग कितीही उडालेला असो. त्यानंतर टाकीवर, टोपीवर आणि काचेवर उमटवलेले नाव वाचावे. परदेशी नाव दिसले की किंमत वाढते, हे बाजारात सर्रास चालते. पण तिथे ‘प्रभाकर’ किंवा ‘ओगले’ ही अक्षरे मिळाली तर साताऱ्या-सांगलीच्या माणसाने डाएट्झ बाजूला ठेवून तो उचलावा. अभिमानासाठी नव्हे, तर त्या वस्तूची गोष्ट त्याला घरबसल्या पुढच्या पिढीला सांगता येईल म्हणून. आणि पत्र्याचा कंदील घासून पितळी दिसेल असा करू नये. त्याचे पत्रा असणे हेच त्याचे खरेपण आहे. स्वस्त पत्रा वापरला म्हणूनच तो सामान्य घरापर्यंत पोचला.

रेल्वेच्या दिव्यांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आमच्या तालुक्यातले लोणंद हे पुणे–मिरज मार्गावरचे स्थानक आहे. हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने बांधला. १९०८ पासून ती कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा झाली. त्या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हातदिवा या भागात मिळाला तर त्याला इथला संदर्भ आहे. पण अक्षरांवर भुलू नये. ती नव्याने ठोकता येतात. लाल-हिरव्या काचा फिरवण्याची कळ आत आहे का आणि ती झिजलेली आहे का, हे पाहावे. झीज खोटी करणे अक्षरे खोटी करण्यापेक्षा अवघड असते. जहाजाचे दिवे खरेही मिळतात, कारण गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर जुनी जहाजे तोडली जातात. पण माणदेशाच्या वाटेवरच्या घरात ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ लिहिलेला दिवा काय सांगतो, हे घेणाऱ्याने स्वतःला विचारावे. गॅसबत्ती मात्र आपलीच : लग्नाची वरात, तमाशाचा फड आणि जत्रा तिनेच उजळल्या. बर्लिनच्या एहरिश अँड ग्रेट्झ कंपनीचा ‘पेट्रोमॅक्स’ इतका रुळला की कोणत्याही कंपनीची गॅसबत्ती पेट्रोमॅक्सच ठरली. ती शोभेला ठेवावी, पण दाबावर चालणारी जुनी टाकी पेटवण्याचा मोह टाळावा. तिची जुनी जाळी, म्हणजे मॅन्टल, हातांनी चुरू नये. अशा जाळ्यांत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असे, आणि तिची भुकटी श्वासात जाणे चांगले नाही.

राहिला प्रश्न उजेडाचा. बल्ब घालावा का? घालावा, पण टाकीला भोक पाडून नव्हे. बॅटरीवरचा छोटा दिवा काचेच्या आत ठेवता येतो आणि हवा तेव्हा काढता येतो. रॉकेल आता घरात नसते आणि त्याच्या वासाची कोणाला आठवणही नको असते. कोणी गोडेतेल घालून पाहतात आणि वात नुसतीच करपते. तेल जड असल्यामुळे खालच्या टाकीतून उंच चढत नाही. हा अडथळा जुना आहे. रॉकेलऐवजी गावचे अखाद्य तेल जाळता यावे म्हणून वर्ध्याच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ‘मगनदीप’ तयार केला, जे. सी. कुमारप्पा त्याचा आग्रहाने पुरस्कार करत. दिव्याची निवड म्हणजे तेलाची, आणि तेलाची निवड म्हणजे पैसा कोठे जातो याची निवड, हे त्यांचे म्हणणे सजावटीच्या काळातही विचार करण्याजोगे आहे.

कंदिलाचा काळ संपवला तो कोयनेने, असे आमच्याकडे म्हणता येईल. १९६२ पासून कोयना प्रकल्पात वीज तयार होऊ लागली. हीच कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिथून ओगलेवाडी हाकेच्या अंतरावर. एकाच मुलखाच्या अंगाखांद्यावर महाराष्ट्राने आधी कंदिलाचा उजेड घेतला आणि मग विजेचा. यात हळहळण्यासारखे काही नाही. उजेड वाढला, चांगले झाले. पण या दोन्ही उजेडांची माहिती ज्या घरात आहे, त्या घरातला कंदील आणि ज्या घरात नाही तिथला कंदील, हे दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत.

टांगायचाच असेल तर एकच टांगावा. छतापासून दहा-बारा कंदिलांचा घोस सोडण्यापेक्षा एक, हाताला पोचेल एवढ्या उंचीवर, कारण तो हाताळण्याची वस्तू होता. आणि त्याला काच असावी. काच असली की ती धूळ धरते, आठ-पंधरा दिवसांनी उतरवून पुसावी लागते, पुसताना जपावे लागते. घरातले मूल विचारते, हे काय आहे, आणि याला काच कशाला? त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे. ते देता येत असेल तर कंदील अवश्य घ्यावा. नसेल, तर दिवाणखान्यात दुसरे काहीही चालेल.